माझ्या वतीनं

माझ्या आजारपणाची सगळ्यात सविस्तर हकीकत मी हायकोर्टाच्या एका फाइलमध्ये वाचली. त्यात लिहिलं होतं की मी डोळे उघडे ठेवतो, पण बघत नाही. मला भरवावं लागतं. कपड्यांचं भान नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि दिलंच तर त्याचा प्रश्नाशी संबंध नसतो. प्रत्येक पानाखाली माझ्या बायकोची, शीलाची, सही होती.

मी ते वाचलं तेव्हा चालू-बोलू लागलो होतो. वाचून काही वाटलं नाही. फाइल बंद करून मी शीलाला परत दिली आणि चहा प्यायलो.

आमचे वकील दुबेजी यांच्याकडे आता अधूनमधून अशी माणसं येतात, ज्यांच्या घरात कुणीतरी जिवंत आहे पण स्वतःचं काही ठरवू शकत नाही. दुबेजी त्यांना माझा नंबर देतात. फोनवर माझे शब्द अजून अडतात, समोरचा माणूस थांबून राहतो. म्हणून लिहून काढतो आहे. औषधांची नावं लिहीत नाही. ती ज्याची त्याची वेगळी असतात.

पाना आणि परात

मी जबलपूरच्या एका डिफेन्स फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवरचा सुपरवायझर, होतो. मशीन शॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढली. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, पण माझा जन्म इथलाच. घरात मराठी, बाहेर सगळं हिंदी.

तीन दिवस ताप होता. गोळी घेऊन ड्युटीला जात होतो. त्या सकाळी हाताखालच्या पोराला पाना आण म्हणायचं होतं, तर मी म्हणालो, "परात ला दो." तो हसला. मीही हसलो. पुन्हा म्हणालो, "परात." मग त्याचं हसू गेलेलं दिसलं.

कुणीतरी घरी आणून सोडलं. शीलानं ताट वाढलं. मी पेल्यातलं पाणी त्या ताटात ओतलं, भातावर, भाजीवर, हळूहळू. ती म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही?" हे वाक्य मला स्पष्ट आठवतं. त्याच्यापुढे काही नाही.

मेंदूला सूज आली होती. शीलाला ते हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या कूलरजवळ उभं करून सांगितलं. तिनं विचारलं, किती दिवस लागतील. डॉक्टर म्हणाले, दिवस आत्ता विचारू नका. ती म्हणते, त्या वेळी ती रडली नाही. घरी गॅस चालू राहिला का, हेच डोक्यात फिरत होतं. तिनं आमच्या मुलीला, रेणूला, आधी गॅस बघायला घरी पाठवलं.

हॉस्पिटल

अडीच महिने. हे सगळं ऐकीव आहे. आयसीयूत सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं आत सोडायचे. बाकीचा वेळ शीला जिन्याखालच्या बाकावर बसायची. माझ्या गळ्याला भोक पाडून नळी घालायची होती, त्या कागदावर तिनं सही केली. इलाजासाठी बायकोची सही चालते. पुढे जे झालं त्यामुळे हा फरक मला नीट कळला: डॉक्टरांना नातं पुरतं, बाकीच्यांना पुरत नाही.

वॉर्डात एक आयाबाई होत्या. सिहोऱ्याहून सकाळच्या बसनं यायच्या. मला हात लावायच्या आधी सांगायच्या, "बड़े भैया, अब करवट बदलेंगे." "बड़े भैया, पानी ठंडा है." मी ऐकत नव्हतो हे त्यांना माहीत होतं. शीलानं विचारलं, काहून सांगता त्यांना? तर म्हणाल्या, "आदत छूट जाएगी तो फिर किसी को नहीं बताऊँगी." बरा झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही. मी उभा होतो, दाढी केलेली होती, म्हणून असेल.

शाईचा डबा

मला घरी आणलं तेव्हा मी जागा असायचो, गिळायचो, धरून चालवलं तर चालायचोसुद्धा. पण मी नव्हतो. दरम्यान माझी रजा संपत आली होती. ऑफिसचं म्हणणं होतं, पुढचं काय ते लिहून द्या. बँकेचं म्हणणं होतं, खातेदाराची सही आणा. माझ्या हातात पेन दिलं तर मी ते तोंडात घालायचो.

ऑफिसमधले एक बाबू घरी आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पिशवीतून शाईचा डबा काढला आणि म्हणाले, "भाभीजी, अँगूठा लगवा लीजिए. सब ऐसे ही करते हैं. कौन देखने आता है."

हे रेणूनं मला सांगितलं. शीलानं डबा घेतला. माझ्याजवळ बसली, माझा अंगठा धरला, शाईत बुडवला. कागदाजवळ नेला. आणि तशीच बसून राहिली. शेवटी पदर ओला करून तिनं माझा अंगठा पुसला आणि बाबूंना म्हणाली, "ये सो रहे होते तो भी मैं पूछती. ऐसे नहीं."

"तो फिर कोर्ट जाना पड़ेगा," ते म्हणाले. चिडून नाही, माहिती दिल्यासारखं.

त्या पदरावरचा डाग गेला नाही. ती साडी ती अजून घरात नेसते.

घरची गोष्ट

कोर्टात जायचं म्हटल्यावर माझे मोठे भाऊ नागपूरहून आले. दादांनी आम्हाला लहानपणी सांभाळलं आहे, त्यांचा शब्द घरात शेवटचा. ते शीलाला म्हणाले, "घरची गोष्ट आहे. कोर्टात काहून नेऊन राहिली? कागदावर लिहून देशील का, की माझा नवरा खुळा झाला?"

"खुळा नाही लिहिलं दादा. समजत नाही, एवढंच लिहिलं."

"मी नेतो त्याला नागपूरला. माझ्या घरी ठेवतो. कोर्टाची गरज नाही."

शीला म्हणाली, "तुम्ही न्याल. पण सही कोण करेल?"

दादा रात्रीच्या गाडीनं नागपूरला परत गेले. पण दुबेजींनी सांगितलं होतं की जवळच्या सगळ्या नातेवाइकांचं शपथपत्र लागतं, हरकत नाही म्हणून. दादांनी ते दोन महिने दिलं नाही. शीला दर रविवारी फोन करायची, तब्येतीची चौकशी करायची, आणि शेवटी विचारायची, "दादा, तो कागद?" मग एकदा तो पोस्टानं आला. सोबत चिठ्ठी नव्हती.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं असेल तर सांगतो. अठरा वर्षांवरच्या माणसाचा नवरा, बायको, मुलं, भाऊ, कुणीच आपोआप त्याचा संरक्षक होत नाही. आमच्यासारख्या केसमध्ये हायकोर्टात याचिका करावी लागली. कोर्टानं डॉक्टरांचं मंडळ नेमलं, तहसीलदाराला घरी पाठवलं, मग निर्णय दिला. वेळ लागतो. त्या वेळात घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. त्यावर उपाय मला माहीत नाही.

तहसीलदार

तहसीलदार आले तो दिवस मला फाइलमधून माहीत आहे. मी पलंगावर बसलो होतो. त्यांनी नाव विचारलं. मी खिडकीकडे पाहिलं. वार विचारला. मी माझा फॅक्टरीतला हजेरीचा टिकट नंबर सांगितला, बरोबर सांगितला. मग त्यांनी शीलाकडे बोट दाखवून विचारलं, "ये कौन हैं?"

मी म्हणालो, "सिस्टर."

अहवालात एक ओळ आहे: पत्नीला परिचारिका समजतात. ती ओळ भर कोर्टात वाचली गेली. शीला तिथे उभी होती. मी तिला विचारलं, तेव्हा कसं वाटलं. ती म्हणाली, "काय वाटणार. तेच काम करून राहिली होती ना मी."

कोर्टानं तिला माझी संरक्षक नेमलं. दर सहा महिन्यांनी तिनं माझी हालहवाल कोर्टाला लिहून द्यायची, असं ठरलं.

आणि तिनं पहिली मोठी सही केली ती माझ्या निवृत्तीच्या अर्जावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे फार सुधारणा धरून चालू नका. तिनं माझ्या वतीनं नोकरी सोडली. काही महिन्यांनी क्वार्टर सोडलं. आम्ही आधारतालला भाड्याच्या घरात आलो.

परत

शुद्धीवर येणं सिनेमातल्यासारखं नसतं. डोळे उघडले आणि सगळे भोवती उभे, असं झालं नाही. एक दिवस कळलं की समोरची भिंत हिरवी आहे आणि आमची भिंत हिरवी नव्हती. दुसऱ्या दिवशी ते विसरलो. पुन्हा काही दिवसांनी कळलं. मी म्हणत राहायचो, "घरी चला." शीला सांगायची, हेच घर आहे. मला वाटायचं ही बाई चांगली आहे, पण तिला चुकीचं माहीत आहे.

मग ती बाई शीला झाली. तेही एकदम नाही. आधी आवाज, मग हात, मग चेहरा.

ज्या दिवशी मी युनिफॉर्म मागितला त्या दिवशी घरात रेणू एकटी होती. "पहिल्या पाळीला जायचं आहे," मी म्हणालो.

रेणूला मराठी कळते, पण महत्त्वाचं बोलायचं असलं की ती हिंदीत जाते. ती जमिनीवर माझ्या पायाशी बसली. "पापा, आप रिटायर हो गए. आईनं सही केली. सात महिने झाले."

"माझी सही?"

"तुमच्या वतीनं. कोर्ट ने परमिशन दी थी."

मी युनिफॉर्मबद्दल पुन्हा विचारलं नाही. राग यायला हवा होता. सत्तावीस वर्षं होती, अजून पाच बाकी होती. मी वाट पाहिली. दुपारी जेवलो, झोपलो, उठलो. काही आलं नाही. लोकल भूल दिल्यावर दात काढताना जसं कळतं की काहीतरी ओढलं जातंय, पण दुखत नाही, तसं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारानंतर होतं असं, भावना उशिरा परततात. काहींच्या परततात, हे ते बोलले नाहीत, पण मी ऐकलं.

शीलाशी मी त्याबद्दल बोललो नाही. तीही नाही. आम्ही भाजी काय करायची यावर बोलायचो.

खिडकीपलीकडचा माणूस

मग मी एकटा फिरू लागलो. ओमती चौकापर्यंत जाऊन यायचो. हिशेब येऊ लागला, पेपर वाचून कळू लागला. एकदा बँकेत पासबुक भरायला गेलो, शीला बरोबर होती. मी खिडकीपलीकडच्या माणसाला सांगितलं की माझ्या खात्यावर नवीन मोबाइल नंबर लावायचा आहे. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून शीलाकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "ये क्या चाहते हैं?"

मी समोर उभा होतो. माझ्या हातात माझं पासबुक होतं.

"उन्हीं से पूछिए," शीला म्हणाली.

"मैडम, इनका तो संरक्षक लगा है. आपको ही बोलना पड़ेगा."

मग शीला बोलली. मी म्हणालो होतो तेच शब्द, त्याच क्रमानं. त्याचं काम झालं.

त्यानंतर कित्येक दिवस मी एक वाक्य जुळवत होतो. ते हट्टासारखं वाटू नये, आणि तिनं जे केलं त्याचा अपमान होऊ नये. मनात एक शंकाही होती, खरं सांगतो. कदाचित तिला हे सोडायचं नसेल. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि आमच्या घरात सगळं मी ठरवत आलो होतो. टीव्ही कुठला घ्यायचा इथपासून रेणूनं काय शिकायचं इथपर्यंत. आता ती ठरवत होती, आणि माझ्यापेक्षा बरं ठरवत होती.

शेवटी म्हणालो, "ते कोर्टाचं... काढता येईल का?"

ती कणीक मळत होती. हात थांबले. "मी कधीची वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "तुम्ही म्हणेपर्यंत मी कशी म्हणू? म्हटलं असतं तर वाटलं असतं, ही टाकून देऊन राहिली."

आपत्ती

पुन्हा डॉक्टरांचं मंडळ. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी केलं. मग कोर्ट.

दुबेजींनी सांगितलं होतं, न्यायमूर्ती कदाचित स्वतः विचारतील. त्यांनी विचारलं. नाव, वार, इथे कशासाठी आलात. मग शीलाकडे पाहून, "ये कौन हैं?"

"मेरी पत्नी हैं. शीला."

न्यायमूर्तींनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "इन्होंने आपकी तरफ़ से जो फ़ैसले लिए, उन पर आपको कोई आपत्ति है?"

काही हरकत आहे का, हा प्रश्न दुबेजींनी सांगितला नव्हता. मी गप्प राहिलो. शब्द अडले असं सगळ्यांना वाटलं असेल. शब्द होते. मला मशीन शॉपच्या दारातला तेलाचा वास आला, खरोखर आला, आणि गेला. शीला खाली फरशीकडे पाहत होती.

"आपत्ति नहीं है," मी म्हणालो. "पर मुझसे पूछतीं तो मैं मना करता."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "पूछ सकतीं," ते म्हणाले, "तो यहाँ आतीं क्यों?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी तिचं संरक्षकपद काढून घेतलं. बाहेर व्हरांड्यात दुबेजींनी हात मिळवला. घरी येताना ऑटोत शीला म्हणाली, "मलाही माहीत होतं, तुम्ही नाही म्हटलं असतं. सही करताना तेच डोक्यात होतं."

"मग केली कशी?"

"डोळे मिटून नाही केली," ती म्हणाली. "बस, एवढंच सांगू शकते."

कागद

गेल्या पावसाळ्यात मला घरीच फिट आली. दोन दिवस दवाखान्यात राहून परतलो. डॉक्टर म्हणाले, पुन्हा येऊ शकते, जुना आजार पूर्ण गेला असं कुणी लिहून देणार नाही. दुबेजींनी सुचवलं, आधीच लिहून ठेवा. पुढे कधी बोलता आलं नाही तर कुठला इलाज हवा, कुठला नको, आणि तुमच्या वतीनं कुणी बोलायचं. दोन साक्षीदार आणि नोटरी, एवढं पुरतं. नोकरी-बँकेला हा कागद चालणार नाही, पण हॉस्पिटलात चालेल.

दुपारी जेवण झाल्यावर मी टेबलावर तो कागद घेऊन बसलो. माझं सगळं लिहून झालं. नळी किती दिवस, मशीन किती दिवस. मग नावाची जागा आली. मी शीलाचं नाव लिहायला घेतलं.

ती टेबल पुसत होती. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "माझं नको लिहू."

ती मला 'नको लिहू' म्हणाली, 'नका' नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं मला कधी तू म्हटलं नव्हतं. तिच्या लक्षातही आलं नाही.

"का?"

"एकदा केलं. पुन्हा नाही होणार माझ्याच्यानं. रेणूचं लिहा."

मी तिच्याकडे पाहिलं. वर्षभराहून जास्त मी नव्हतो, त्या काळात ती होती. हे मला फाइल वाचून माहीत होतं. त्या दुपारी ते आत उतरलं. दुखलं म्हणता येईल. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखलं.

मी रेणूचं नाव लिहिलं.

शीलानं फडकं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "अजून एक कोरा कागद आहे का? माझाही करून टाका. नावाच्या जागी तुमचं लिहा."

"माझं?" मी म्हणालो. "डॉक्टर काय म्हणतात ते ऐकलं ना. मलाच पुन्हा झालं तर?"

"तेव्हा रेणू आहे. तोवर तुम्ही."

"शीला, मला कोर्टानं..."

"माहीत आहे मला. मीच गेली होती कोर्टात." तिनं पेन माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही तिकडून परत आले. तिथे कसं असते ते बाकी कुणाला माहीत आहे?"

मी कागद घेतला. वर तिचं पूर्ण नाव लिहिलं. मग विचारलं, "सांग. काय हवं, काय नको?"

मी तिला असं कधी विचारलं नव्हतं. तिनं फडकं उचललं, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. मला वाटलं, बोलणार नाही. मग म्हणाली, "केस कापू द्यायचे नाही. वेणी घालायची, नाही जमली तर रेणूला बोलवा." मी ते लिहिलं. "सारखे पाहुणे नको. आणि खोलीत येऊन माझ्याबद्दल माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही."

ती सांगत गेली. मी लिहीत गेलो. मागची बाजूही भरली, तेव्हा ती म्हणाली, "थांबा, अजून आहे," आणि मी रेणूच्या वहीतलं एक पान फाडलं.